जुने जॉइंट ठेचणारी

तुमच्या ट्रकचे झिजलेले जॉइंट काढल्यावर पुढे कुठे जातात, हे कधी विचारलंत?

कोपऱ्यावरच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करणाऱ्या ताईला ते एकदा कळलं. त्या दिवशी तिने एका ट्रकच्या स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दोन्ही खिळखिळे जॉइंट काढून नवे बसवले. ट्रकच्या मालकाने हात पुढे केला, "जुने दे इकडे. माझ्या दुसऱ्या गाडीला चालतील काही दिवस."

दुसरी गाडी ताईचा धाकटा भाऊ चालवायचा.

"एकाचं दुखणं काढून दुसऱ्याला लावायचं होय, शेठ? उतारावर चाक निसटलं तर गाडी तुम्ही धरणार?"

"माल माझा आहे!"

"तुमचाच आहे, घ्या की." तिने जॉइंट ऐरणीवर ठेवले आणि हातोडीने त्यांचे आटे असे ठेचले, की त्यांवर पुन्हा नट चढूच नये.

"माझी एकही गाडी इथे दिसणार नाही!"

"नका आणू. उपाशी मरत नाही मी."

संध्याकाळी भावानेही "नवे जॉइंट बसेपर्यंत चालवणार नाही" म्हणत गाडीची किल्ली मालकापुढे आपटली. तेव्हा कुठे शेठ तोंड वाकडं करून दुसरी गाडी नवे जॉइंट बसवायला घेऊन आला, ताईच्याच दारात!

तुम्हीही जॉइंट बदलाल, तेव्हा जुने तुमच्या डोळ्यांदेखत ठेचून घ्या.