सीटी जुळेपर्यंत

गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी मी रोज पनवेलला रेडिएशन घ्यायला जात होते. सुरुवातीलाच एकदा सीटी स्कॅन काढून माझ्या पोटावर खुणा केल्या होत्या. नंतर रोज मशीनवर झोपवलं की आधी छोटी सीटी, आणि ती पहिलीशी जुळली तरच पुढचं. लघवीची पिशवी पहिल्या वेळेइतकीच भरलेली हवी. मग आतडी वर सरकतात आणि किरणांपासून वाचतात. तासभर आधी पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. मला तेवढंही जमत नव्हतं. नंबर यायच्या आत मी संडासाकडे धावायचे, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या आधी करंजा गावची एक मासेवाली असायची. तिची सीटी रोज पहिल्या फटक्यात जुळायची. मी सुकापूरहून आरामात रिक्षाने यायचे, ती दोन गाड्या बदलून. तरी दहा मिनिटांत पदर खोचत बाहेर यायची ती, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा मी मनात म्हटलं, आज हिची चुकू दे. आपल्यासारख्याच आजारी बाईबद्दल असं मनात आलं म्हणून लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तिची जुळलीच.

तिसऱ्या आठवड्यात मला जुलाब सुरू झाले. पिशवी भरत नसेल तर आतड्यांचं नुकसान होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी घाबरले. बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि जरा फणकाऱ्यानेच विचारलं, की तुम्हाला हे रोज जमतं कसं?

"त्यात काय," ती म्हणाली. "तीस वर्सं बाजारात बसले. मुतारी नाय. सकाली बसलं का घरी जाईपरेंत तसंच. सवय हाय."

मी काय करते, ते तिने विचारलं. शाळेत शिकवत होते, म्हटलं.

"मंग शालेत बायांची सोय असंल."

होती. स्टाफरूमला लागूनच, फक्त आम्हा बायकांसाठी. दोन तासांच्या मध्ये कधीही जाऊन यायचे मी. मी मान डोलावली.

ती माझ्याकडे बघत राहिली. तीन आठवडे मी तिच्याकडे बघत होते, अगदी तशीच.

"बरं हाय तुमचं," ती म्हणाली.