पाचव्या मसुद्यातला नवरा

९ जानेवारी २०२४, मंगळवार. नळ सकाळी ७.२० ला आला, पाऊण तास होता. टाकी भरली. मंजुषाचा पाचवा मसुदा तपासून दिला. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका. दुपारी शहागंज. चहाची पत्ती, अस्तराचे कापड. रिक्षाने परत. हे आजही आले नाहीत.

सुरेखाबाईंनी पेनाला टोपण लावले आणि सवयीने लिहिलेले एकदा वाचून पाहिले. शेवटच्या वाक्याशी त्या थांबल्या. कृष्णरावांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

मिशनच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या, चुकलेल्या वाक्यावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारावी, गिरगटू नये. बाईंनी पट्टी घेतली. पण रेघ मारायची तर वाक्य खोटे असायला हवे. हे आले नव्हते, ते खरेच होते. पट्टी त्यांनी होती तिथे ठेवून दिली.

याला कारण मंजुषाची मालिका. मंजुषा धाकट्या दिराची मुलगी. नाटक शिकायला अजिंठ्याहून शहरात, काकूकडे पुंडलिकनगरात आली ती राहिलीच. पुढे दूरदर्शन मालिकांचे संवाद लिहू लागली. गेल्या मे महिन्यात मुंबईच्या एका वाहिनीने तिला नव्या मालिकेची गोष्ट रचायला सांगितली. गोष्ट पसंत पडली तर करार, करार झाला तर मानधन. तोवर सगळे फुकट.

"काय करू, काकू?" तिने विचारले होते.

"शिकायला मिळतंय ना? मग पैशाकडे काय बघतेस? काम चांगलं असलं की लोक आपण होऊन देतात."

हे बाईंनी अगदी मनापासून सांगितले होते. वाहिनीला गोष्ट एका विधवेची हवी होती, म्हणून २००७ ची डायरीही त्यांनीच कपाटातून काढून दिली. तीत कृष्णरावांची शेवटची सकाळ होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर, व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. "नळ आला का गं?" त्यांनी आत हाक मारली. "येईल आता," बाई म्हणाल्या. हात पुसत बाहेर आल्या तेव्हा ते गेलेले होते.

पहिल्या मसुद्यात हे जसेच्या तसे होते. बाईंनी तांबडी पेन्सिल घेऊन तो वाचला, रडल्या, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

वाहिनीच्या आकाशचा फोन आला. मुलगा गोड बोलायचा. "एक नंबर झालंय, मॅडम. फक्त मरताना कुणी नळाचं बोलतं का? जरा मनाला भिडेल असं करा ना." दुसऱ्या मसुद्यात कृष्णराव बायकोचा हात धरून म्हणाले, "माझ्यामागे रडू नकोस." तिसऱ्यात त्यांनी दवाखान्यात प्राण सोडला. मग आकाश म्हणाला, मेला की गोष्टच संपते, त्यापेक्षा गायब करू या. चौथ्यात ते सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पाचव्यात परतले, पण पाय अधू झालेला आणि स्वतःचे नाव विसरलेले.

प्रत्येक मसुदा बाईंच्या हाताखालून गेला. मेलेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही. हरवलेल्याची बघतात. दिवाळीनंतर कधीतरी त्या एक भाकरी जास्तीची थापू लागल्या. वर्तमानपत्रातले कोडे अर्धेच सोडवून ठेवू लागल्या, कारण आडवे शब्द त्यांचे आणि उभे ह्यांचे, अशी वाटणी असे. दुपारी डोळा लागायच्या बेतात गल्लीत चप्पल वाजली की उठून बसत. हे सारे त्यांना कळत नव्हते असे नाही. उशिरा कळत होते, एवढेच.

त्या मंगळवारी शहागंजच्या बाजारात घड्याळाच्या टॉवरजवळ एक म्हातारा लंगडत पुढे चालला होता. पाठ तीच. बाई हातातली पिशवी सावरत त्याच्यामागे निघाल्या. अत्तराची दुकाने गेली, बांगड्यांची गेली. म्हातारा वळला. पांढरी दाढी, सुरमा घातलेले डोळे.

"क्या होना, अम्मा?"

"काही नाही. चुकले," बाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्यावरही त्यांना वाटत राहिले की नाव विसरलेला माणूस दुसरे काय विचारणार?

रविवारी अजिंठ्याहून पुंजाराम आला, मंजुषाचा बाप. सोबत हुरडा आणि शेंगांची चटणी. लेकीकडे बघून म्हणाला, "वहिनी, पोरगी लई वाळली. काय लिहिती एवढं?"

बाईंनी सांगितले. तो हसला. "आठ म्हैने फुकट? आमच्याकडं निंदायला आलेली बाई बी आधी रोजगार ठरवती, मंग खाली बसती."

"बाबा, ते वेगळं. याला डेव्हलपमेंट म्हणतात."

"व्हय का? मंग बैलाला सांगतो, गड्या, तू डेव्हलपमेंट करतोस. कडबा मागायचा नाय."

मंजुषालाही हसू आले. "गोष्ट कुणाची हाय पण?" त्याने विचारले.

"काकांची."

हुरड्याची मूठ तोंडाशी नेलेली, तशीच खाली आली. "माझ्या भावाची? काय केलं त्याचं?"

"तीनदा मारलं," बाईच म्हणाल्या. "मग हरवलं. मग परत आणलं."

"मंग आता कुठं हाय त्यो?"

मंजुषाने पाहिले तर काकू फाटकाकडे बघत होती.

"भावजी," बाई म्हणाल्या, "हे हाक कशी मारायचे हो? 'नळ आला का गं', हे मला ऐकू येईनासं झालंय. 'माझ्यामागे रडू नकोस' तेवढं स्पष्ट येतं, ह्यांच्याच आवाजात. ते तर हे कधी बोललेच नाहीत."

पुंजारामने घसा खाकरला. एकदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले. "दादाचा आवाज भरडा व्हता," म्हणाला. "मला नाय जमत, वहिनी." मंजुषा उठून आत गेली.

मंगळवारी सकाळी आकाशचा फोन आला तेव्हा दोघी टेबलापाशी होत्या. फोन मंजुषाने मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, वर सगळ्यांना आवडलंय. एकच शेवटचा बदल. जो परत आलाय तो काका नाहीच, जुळा भाऊ आहे. सहावा मसुदा शुक्रवारपर्यंत द्या."

"अहो, मग खरा माणूस मेला की नाही?" बाई मध्येच बोलल्या.

"कोण, आजी का? नमस्कार आजी. ते प्रेक्षकांवर आहे. टीआरपी बघून ठरवू."

"करार पाठवा," मंजुषा म्हणाली. "मग सहावा लिहिते."

पलीकडचा गोडवा थोडा उतरला. "मॅडम, असं चालत नाही हो. तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील. पाच मसुदे आमच्याकडे आहेतच. लिहायला तयार असलेले खूप आहेत. संध्याकाळपर्यंत सांगा."

फोन बंद झाला. मंजुषाचा चेहरा उतरला होता. "काकू, आता सोडलं तर आठ महिने मातीत. आणि काका त्यांच्याकडेच राहतात. कुणी अनोळखी माणूस त्यांचं काय वाटेल ते करील. मी लिहीत राहिले तर निदान आपल्या हातात आहेत."

बाईंना ते पटत होते, हीच पंचाईत होती. मुंबईत कुठल्याशा खोलीत ह्यांना ओळखतही नसलेला कुणीतरी, तोही फुकटच, ह्यांना पुन्हा चालवील, बोलवील. त्यापेक्षा पोरीला म्हणावे, लिही. शुक्रवारी तांबडी पेन्सिल घेऊन आपण बसू. हे पुन्हा एकदा दारातून आत येतील.

टेबलावरची तांबडी पेन्सिल बाईंनी उचलली आणि खणात ठेवून दिली.

"चूक माझी आहे," शेवटी म्हणाल्या. "फुकट कर असं मी सांगितलं. पदरचं काही जात असतं तर पहिल्याच मसुद्याला त्यांनी हो किंवा नाही म्हटलं असतं. फुकटात माणूस कशाला थांबेल? सातवा मागतील, आठवा मागतील."

"मग काका?"

"त्यांच्याकडे आहेत ते आपले नव्हेत. राहू देत तिथं." त्यांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. "आपला मेला, मंजुषा."

सोळा वर्षे त्या 'गेले' असेच म्हणत आल्या होत्या.

मंजुषाने तिथेच बसून आकाशला फोनवर दोन ओळी पाठवल्या, सहावा मसुदा लिहिणार नाही. चहा निवायच्या आत उत्तर आले, एक अंगठा आणि 'ऑल द बेस्ट'. ती बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग वर जाऊन दार लावून घेतले, आणि दुपारी जेवायला आली नाही. बाईंनी तिला हाक मारली नाही. एका माणसाचे आठ महिने गेले होते.

ऊन कलल्यावर गल्लीत चप्पल वाजली. बाई उठून बसल्याच. पण फाटकापर्यंत गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी लिहिले: १६ जानेवारी, मंगळवार. गादीवाला आला होता. ह्यांची इतकी वर्षे ठेवलेली गादी उसवून, कापूस पिंजून दोन उशा भरून घेतल्या. एक जरा कडक झाली आहे.