नवसाबाईने टबात पाय ठेवला नाही

नवसाबाई पेठ तालुक्यातल्या डोंगरावरची. भाताची कापणी उरकली की अकरा बायकांची टोळी घेऊन ती मखमलाबादजवळच्या आमच्या मळ्यात यायची. माझ्या डायरीत तिचं नाव पहिल्यांदा आलं ते १९९३च्या नोव्हेंबरात. द्राक्षाच्या घडातले नको ते मणी कात्रीने काढताना तिचा हात असा चाले, की उरलेल्या मण्यांना कळतसुद्धा नसावं.

माझे यजमान गेल्यावर मळा पुतण्याकडे, शेखरकडे आला. द्राक्षं परदेशी जाऊ लागली आणि शेखर रोज सकाळी बायकांची नखं तपासू लागला. डोक्याला टोपी, घड फक्त देठाला धरायचा. मण्यावरची पांढरी लव बोटाने पुसली गेली तर तिकडचं गिऱ्हाईक माल नाकारतं म्हणे. त्याच बायका विहिरीमागे प्लास्टिकच्या कागदाखाली राहत. तिथली तपासणी कुठल्याच गिऱ्हाइकाने मागितली नव्हती, म्हणून शेखरनेही कधी केली नाही.

पुढे वाईनचे दिवस आले. २००८च्या मार्चमध्ये शेखरची बायको निकिता हिने ‘द्राक्ष महोत्सव’ काढला. मुंबईचे पाहुणे लाकडी टबात उतरून द्राक्षं पायाने तुडवणार.

“काकू, किती ऑथेंटिक आहे ना!”

“कुठल्या गावचं?” मी विचारलं.

“इटलीचं.”

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता, म्हणून टबात पहिला पाय आदिवासी बाईचा हवा होता. नवसाबाईला हिरवी नऊवारी नेसवली, नथ अडकवली. तिच्या डोंगरावर कुणी जन्मात नथ घातली नसेल. पण पाहुण्यांना ते कुठे ठाऊक होतं! त्यांना गाव म्हणजे नथ.

नवसाबाई टबापाशी थांबली आणि शेखरकडे वळली.

“शेट, हा रस कोन पिनार?”

“कोणी नाही गं. पायाचा रस कोण पिईल? वाईन मशीनवर होते. हा फेकायचा.”

“मंग तुडवायचा कशाला?”

“मजा म्हणून. चल, लोक थांबलेत.”

“खळ्यात पाय ठेवतो तं आधी खळ्याच्या पाया पडतो, शेट. तुडवतो ते खायला. फेकायला नाय.”

पाहुणे हसले. एकाने ‘सो क्यूट’ म्हणून टाळीही वाजवली. शेखर मात्र खालच्या आवाजात म्हणाला, “पाय घाल, नाहीतर उद्या सगळी टोळी घरी.” तोडणीचं काम अजून महिनाभर होतं, आणि पाऊस पडेपर्यंत डोंगरावर हाताला दुसरं काम नसतं. त्या अकरा जणींनी हे ऐकलं. त्यांतली धोंडाबाई पुढे आली.

“घाल ना गं पाय! मोठी देवाची लागून गेलीस. पोरांना काय तुझा मान शिजवून घालू?”

“तुला घालायचा तं तू घाल, धोंडे.”

“घालते! बघ!”

नऊवारी बदलायला वेळ नव्हता. नुसती नथ धोंडाबाईच्या नाकात गेली आणि ती टबात उतरली. बँड वाजला. संध्याकाळी तो लालभडक रस पाइपने खताच्या खड्ड्यात सोडला. दहा वर्षं ज्या मण्यांना बायकांची धुतलेली बोटं चालत नव्हती, त्यांत दिवसभर कोण कोण नाचून गेलं होतं.

मी शेखरला म्हटलं, “तिला ठेव. तिच्याइतकी चांगली कामाची बाई तुला मिळायची नाही.”

“काकू, तुम्हाला बिझनेस कळत नाही,” तो म्हणाला. टोळी राहिली. मुकादम धोंडाबाई झाली आणि नवसाबाईला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं : आदिवासींची शतकांची परंपरा. लोकांना परंपरासुद्धा आता आयती लागते, कालच्या तारखेची असली तरी चालते.

नवसाबाई बोचकं घेऊन पेठ रोडला एस.टी.साठी उभी होती. मी सोबत गेले होते. मागून धोंडाबाई धावत आली, फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून.

“पुढल्या साली येशील ना?” तिने विचारलं.

“तुझ्या हाताखाली?” नवसाबाई म्हणाली. भाकरी मात्र तिने घेतल्या. एस.टी. थांबली. पायरीवर चढताना तिने वळून धोंडाबाईच्या पायांकडे पाहिलं.

“नीट धुतलेस का गं? रात्री मुंग्या लागतील.”