बाबांची इस्त्री आणि आमची फायनल

आमच्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम चॅम्पियन झाली, त्यात आमच्या घराचा वाटा एका इस्त्रीचा आहे. (इथे ऑकलंडमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात.)

आदल्या वर्षी आम्ही सगळ्यांशी हरलो होतो. मग हाना नावाची नवी कोच आली. दिवसा ती पेनरोजच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची आणि संध्याकाळी आम्हाला. तिचा नियम एकच: मैदानावर गप्प राहायचं नाही.

मी राखीव गोलकीपर होते. गप्प राहायला बाकासारखी जागा नाही.

"मुक्ता, बॉल आला की ओरडायचं. तुझा आवाज असतो कुठे?"

"घरी," मी म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं."

तरी टीम जिंकत गेली. सेमीफायनलला आमच्या खऱ्या गोलकीपरचा पाय मुरगळला आणि हाना माझ्याकडे वळली. "फायनलला तू. स्वीट ॲज?" (म्हणजे इथल्या बोलीत "चालेल ना?")

मी मान हलवली.

"मान हलवून बॉल अडत नाही," ती म्हणाली.

टीमच्या जर्सी दर आठवड्याला एकेका घरी धुवायला जायच्या. फायनलच्या आठवड्यात पिशवी हिल्सबरोला, आमच्याकडे आली. बाबा फार्मसिस्ट आहेत आणि रुमालालासुद्धा इस्त्री करतात. (पायपुसण्याला करत नाहीत, कारण एकदा आईने इस्त्री लपवून ठेवली होती.)

"बाबा, नुसत्या धुवायच्या असतात."

"फायनल आहे गं. चुरगळलेल्या कपड्यांत कप घ्यायला जाणार का तुम्ही?"

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले, तर टेबलावर जर्सींची सुरेख घडी घातलेली चळत. मी पहिली उचलली. पाठीवरचा आठचा रबरी आकडा तिच्याबरोबर आलाच नाही. तो गरम गरम घडीत खालच्या जर्सीच्या पोटाला चिकटला होता. एकेक उलगडत गेले तसे सगळे आकडे फाटून हातात आले. माझ्या जर्सीवर बाबांनी मायेने दोनदा इस्त्री फिरवली होती. माझा एक नंबर तर थेट इस्त्रीच्या तळाला.

आई हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आली. तिने चळतीकडे नर्सच्या नजरेने पाहिलं. "वाचणार नाही हे."

"मी सांगतो तुझ्या कोचना," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

त्यांचा चेहरा बघवेना. "नको. मी सांगते." मी अकरा मेसेज लिहिले, अकरा पुसले आणि शेवटी फोन लावला.

"किया ओरा, मुक्ता. तू आणि फोन? कोण गेलं?"

"सगळे नंबर."

"नंबर नसतील तर रेफ्री खेळू देणार नाही. घरात पांढरी चिकटपट्टी आहे?"

फार्मसिस्टच्या घरात दुसरं असतं काय? जखमेवर लावायच्या पट्ट्या कापून आम्ही तिघांनी जेवायच्या आत सगळे आकडे चिकटवले. टीम अपघातातून उठून आल्यासारखी दिसणार होती, पण दिसणार होती.

फायनलला रिमझिम पाऊस. पट्ट्या धीर सोडू लागल्या. आमच्या सात नंबरच्या टिलीने सेंटरलाइनवर एकीला पाडलं. रेफ्रीने पिवळं कार्ड दाखवलं, तिच्या पाठीकडे पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं. टिलीच्या 7 ची वरची आडवी पट्टी तेव्हा चिखलात पडलेली होती.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एका गोलने पुढे होतो. गोलकिक घ्यायला मी फार वेळ लावला. (बॉल मागायला लाजत होते.) रेफ्रीने मला पिवळं कार्ड दाखवलं, वही पाहिली आणि लाल काढलं. "एक नंबर, दुसरं कार्ड. बाहेर."

हाना पलीकडून ओरडत होती. रेफ्रीला काही ऐकू जात नव्हतं. बोलायला जवळ मीच होते.

"पहिलं माझं नाही!" सगळं मैदान थांबलं. कुणाचा आवाज म्हणून मीही मागे वळून पाहिलं. "ते सेंटरलाइनवर झालं. मी तिथे कधी जातच नाही. ते सातचं आहे, तिची पट्टी पडलीय!"

"पट्टी का पडली?"

"कारण माझ्या बाबांनी जर्सींना इस्त्री केली!"

बाजूला छत्रीखाली उभ्या बाबांनी अदबीने हात वर केला. रेफ्रीने त्यांच्याकडे पाहिलं, टिलीच्या पाठीकडे पाहिलं, वही दुरुस्त केली आणि लाल कार्ड खिशात ठेवलं.

एकदा उघडलेलं तोंड मग मिटेना. उरलेला वेळ मी "माझा!", "सोड!", "अगं मागे बघ!" असं मराठीत ओरडत राहिले. कुणाला अक्षरही कळलं नाही, पण आमच्याच काय, समोरच्या मुलीही घाबरून बाजूला होत होत्या. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

आता मी नोकरी करते. इस्त्री तीच आहे. बाबांनी कितीही घासली तरी माझ्या शर्टाच्या पाठीवर पुसटसा 1 चा आकडा उमटतो. परवा ऑफिसात कुणीतरी विचारलं, "कशात पहिली आलीस?"

खरं सांगायला ओरडावं लागलं असतं. मी नुसती मान हलवली.