धावड्याच्या माळावरचा हात

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारला, देव्हारा उचलला, त्याबरोबर आमच्या घरातली भुतंही गेली. मी जालन्यात मस्तगडला राहते, शाळेत विज्ञान शिकवते... हसा खुशाल.

माझ्या नवऱ्याला, विलासला, कॅम्पिंगचं वेड. सुट्टी आली की तंबू गाडीत टाकायचा आणि कुठलातरी माळ गाठायचा. गेल्या हिवाळ्यात धावड्याजवळ गेलो. त्या गावात त्याच्या मावशी राहतात. भाकरी बांधून देताना मावशी म्हणाल्या, "माळावर लांबून नुसता हात करायचा न्हाई. हाळी द्यायची. पलीकडून ओ आली तरच आपलं माणूस समजायचं." मी मान डोलावली आणि विसरले.

दुपारी विलास फोटो काढायला निघाला. सपाट माळ, पिवळं गवत, लांबवर एकच बाभूळ. थोड्या वेळाने तो बाभळीखाली बसलेला दिसला – तोच निळा शर्ट. मी हात केला, त्यानेही केला. वारा भणाणत होता, घसा कशाला कोरडा करा, म्हणून हाक मारली नाही. पुस्तक वाचत बसले. मधूनच मी हात करायची, तिकडूनही हात व्हायचा.

ऊन उतरलं तरी स्वारी उठेना. वैतागून चालत गेले. बाभळीखाली कुणीच नव्हतं.

त्याच्या नावाने ओरडत सुटले. वारा पडला होता, म्हणून ऐकू आलं – उलट्या बाजूने, आमच्या तंबूच्याही मागून, बारीक ओ. अर्धवट खोदलेल्या कोरड्या विहिरीत विलास पाय मोडून पडला होता. दुपारपासून.

मी धावत जाऊन गावातली माणसं आणली. त्यांनी दोराने बाज विहिरीत सोडून त्याला वर काढलं. गाडीत मी रडत होते. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू विहिरीच्या काठावरच बसून होतीस ना? मी हाका मारून राह्यलो, अन् तू नुसती हात करून राह्यली."

मी त्याला बाभळीचं सगळं सांगितलं. "असंल," एवढंच म्हणाला.

ऊन, वेदना, भास... वर्गात मी हेच सांगितलं असतं. पण दोघांना, एकाच दुपारी? मला खरंच कळत नाही.

पाय आता जुळलाय. पण कधी भांडण झालं की तो हळूच विचारतो, खाली का नाही उतरलीस? ती मी नव्हते, एवढंच मी सांगू शकते. त्याला ते पटत नाही, आणि मला त्या माळापेक्षा याचीच जास्त भीती वाटते.