आरतीची उचल

भिमाजी मुकादमाला विमानातलं काय कळत होतं? काडीचंही नाही. पण पाथर्डीच्या अंगाला ऊसतोडीच्या टोळ्या बांधण्यात त्याची तीस वर्षं गेलेली. कोणता कारखाना काय भाव देतो, कुठं टोळीच्या झोपड्यांना, कोप्यांना, जागा बरी, कुठं पाण्याचे हाल, सगळं तोंडपाठ. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ किती उचल दिली की ती हंगामभर हलत नाही, हे तर त्यानंच सांगावं. तेवढ्या शहाणपणावर या गृहस्थानं पोरीच्या आयुष्याचा निकाल लावला.

पोरगी आरती. विमानात को-पायलट. गावाच्या फाट्यावर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्यात विमानापेक्षा भिमाजीचा फोटो मोठा. पहिल्या कंपनीत ती चांगली रमली होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीनं बोलावलं, तेव्हा ती दिवाळीला घरी आलेली. ओट्यावर बसून बापाला दोन्हीकडचं समजावून सांगू लागली.

"आण्णा, आत्ताच्या कंपनीत पगार कमी आहे, पण आठवड्याला सलग दोन सुट्ट्या मिळतात. रात्रीच्या फेऱ्या लागोपाठ लावत नाहीत. नवी कंपनी महिन्याला लाखभर जास्त देते. रुजू होतानाच पंधरा लाख देते, पण मग तीन वर्षं सोडता येत नाही."

"पंधरा लाख? एकदम हातात?"

"हो. पण तिथली पोरं फार दमलेली दिसतात. मला वाटतं, आहे तिथंच थांबावं."

"खुर्चीत बसून जायचं, त्यात दमायचं काय? उचल मोठी तिथं जायचं, बाई. सुट्ट्या काय चाटायच्या हायेत?"

गेली बिचारी बापाच्या शब्दाखातर. आता बघा, ज्या मुकादमाकडं कुणी फिरकत नाही, तोच उचल वाढवून देतो, ही गोष्ट भिमाजीनं चहाच्या टपरीवर शंभरदा हसत हसत सांगितलेली. पोरीच्या वेळी ती अक्कल कुठं चरायला गेली होती, कोण जाणे.

यंदा पोळा झाला आणि चार दिवसांनी भरदुपारी तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"आण्णा, परवा विमान उतरवायच्या आधी माझे डोळे मिटले. कॅप्टननं हाक मारली म्हणून जागी झाले. मागं दीडशे माणसं होती."

भिमाजी ओट्यावरून उठून उभा राहिला. ती सांगत होती. थकले म्हणून कळवलं तर पगार कापतात. सुट्टीच्या दिवशीही बोलावून घेतात. जुनी कंपनी परत घ्यायला तयार आहे. तिला इथून सुटायचं होतं, बस.

"मग सुट की. त्यांचे पंधरा लाख फेक त्यांच्या तोंडावर. मी उद्या भरतो."

"मी तेच म्हटलं. पैसे नकोत म्हणतात. पायलट कमी आहेत, आम्हाला तूच पाहिजेस म्हणतात. सोडल्याचा कागद अडवून धरलाय, आणि त्याच्याशिवाय दुसरीकडं कुणी घेत नाही."

 हे शब्द भिमाजीच्या ओळखीचे होते.

गेल्या माघात कोल्हारकडच्या फडावर त्याच्या टोळीतल्या पुंजारामची बायको छबूबाई तापानं फणफणली होती. पुंजाराम तिला घेऊन न विचारता गावाकडं निघाला. भिमाजीनं जीप काढली आणि दोघांना एसटी स्टँडवरून परत आणलं. पुंजाराम हात जोडून म्हणाला होता, "माझा बैल घ्या, उचल फेडून घ्या, पन हिला घरी जाऊ द्या." तेव्हा भिमाजी म्हणाला होता, "बैल घिऊन काय करू? मला कोयता पायजे." छबूबाईनं अंगात ताप घेऊन हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ऊस तोडला. तेव्हापासून तिचा खोकला गेला नाही.

ऊन कलल्यावर भिमाजी पुंजारामच्या दारात जाऊन बसला. टोळीतल्या माणसाच्या घरी तो आजवर कधी टेकला नव्हता. छबूबाईनं खोकत खोकत पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. भिमाजीनं पोरीची सगळी कर्मकथा सांगितली, खाली मान घालून. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

"पुंजा, असं अडाकल्यावर मानसानं सुटायचं कसं रं? काय केल्यावर सोडत्यात?"

पुंजारामला राग आला नाही, आनंदही झाला नाही. तो कोयत्याला धार लावत होता, ते त्यानं थांबवलं.

"मला काय इचारता, मुकादम? मी कुठं सुटलोय?"

 गेल्याच आठवड्यात भिमाजीनं पुंजारामला यंदाची उचल दिली होती. दुसऱ्या मुकादमापेक्षा दहा हजारांनी जास्त.