जिजीचा पाणघोडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नव्हतात, म्हणून जरा सोपं जातंय — एवढंच असेल.

जिजी म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. ते तिला जिजी म्हणत, त्यांचं ऐकून आम्हीही. तिनं लग्न केलं नाही. देवासला मुलींच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची, अर्थात हिंदीतून. घरात मात्र तिच्या आजीच्या वळणाचं मराठी — "जेवण जाहलं काय गं?" — आणि दाराबाहेर पाऊल पडलं की टांगेवाल्याला, "ओ भिया, टेकरी तक चलोगे?"

हिवाळ्यात आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसायचो. मग जिजी प्राण्यांबद्दल सांगायला लागायची. वाघ-हत्तींत तिला रस नव्हता. तिचा जीव पाणघोड्यावर. एवढा पाण्यात राहणारा प्राणी, पण त्याला धड पोहता येत नाही, म्हणायची. तो तळावरून चालतो, आपण रस्त्यावरून चालावं तसा. झोपेतच वर येतो, श्वास घेतो, पुन्हा खाली जातो — जाग येत नाही त्याला. उन्हानं कातडी करपू नये म्हणून अंगातून तांबूस, चिकट असं काहीतरी पाझरतं. लोकांना वाटतं रक्तच. पिल्लू आईचं दूध पाण्याखाली पितं, कान मिटून, नाकपुड्या मिटून. हे सांगताना जिजी स्वतःही डोळे मिटायची. तो जांभई देतो ना, ती आळसाची नव्हे हो — "माझ्या हद्दीत येऊ नकोस" म्हणून दात दाखवतो! आणि हद्द कशी आखतो, तर शेपटीनं शेण उडवून. यावर आम्ही पोरं हसून लोळायचो.

जिवंत पाणघोडा तिनं एकदाच पाहिला होता, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात. दुपारभर कठड्याशी उभी राहिली तेव्हा त्याचे कान दिसले. नुसते कान. "पण काय कान गं!" असं ती कितीतरी वर्षं सांगत होती.

तर तो दात. आम्ही अमावास्येच्या स्नानाला नेमावरला गेलो होतो. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला असेन. नर्मदेचं पाणी उतरलेलं, काठाची माती कापल्यासारखी उघडी पडलेली. आंघोळीनंतर जिजी ओल्या केसांनीच काठाकाठानं चालत गेली आणि मुठीएवढा, काळपट तपकिरी दगड घेऊन आली. दगडच म्हणायचा, इतका जड. पण तो दात होता. झिजलेल्या माथ्यावर तीन पाकळ्यांची नक्षी. "बेलाचं पान बघ," ती म्हणाली. घरी येऊन तिनं पुस्तकांतली चित्रं धुंडाळली आणि रात्री जेवताना जाहीर केलं — पाणघोड्याचा. हजारो वर्षांपूर्वी या आपल्या नदीत पाणघोडे होते, हे तिनं वाचलेलं होतं. आता हातात आलं होतं.

तिनं ते वर्गात सांगितलं. मुली खो खो हसल्या. "मैडम, नर्मदामैया की सवारी तो मगर है!" गोष्ट शिक्षिकांच्या खोलीत पोचली, तिथून मोठ्या बाईंकडे. पुस्तकात नाही ते पुराव्याशिवाय शिकवू नका, असं तिला सांगण्यात आलं. जिजी चिडली नाही. पुरावा मागितला यात गैर काय, म्हणाली.

मी तेव्हा नुकतीच इंदूरला कॉलेजात जायला लागले होते, प्राणिशास्त्र घेऊन. जिजीनं तो दात जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. "तुझ्या सरांना दाखव. ते म्हणतील ते खरं."

आता — इथून मला जड जातं.

त्याच सुमारास डही गावाकडून एक गृहस्थ आमच्या सरांकडे आले होते. गोल दगड घेऊन. डायनासोरचं अंडं आहे म्हणत होते. ते गेल्यावर सर हसले, सगळा विभाग हसला, मीही हसले. पुढं कित्येक दिवस 'अंडेवाले' हा आमचा विनोद होता. आणि माझ्या पिशवीत जिजीचा दात. मी सरांच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी हसत होतं — माझ्यावर नव्हे, कशावर तरी. मी परत फिरले. मला सरांची आवडती विद्यार्थिनी व्हायचं होतं. पाणघोडेवाल्या बाईंची भाची व्हायचं नव्हतं.

शनिवारी घरी गेले आणि सांगितलं, "सर म्हणाले, म्हशीचा आहे."

जिजीनं दात पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळला. "बरं," म्हणाली. सोमवारी तिनं वर्गात उभं राहून मुलींना सांगितलं, "मैंने आपको गलत बताया था." तिला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. ती तशीच होती.

त्यानंतर तिनं गच्चीवर पाणघोड्याच्या गोष्टी सांगणं सोडलं. मटार सोलायची, नुसतीच.

एम.एस्सी.ला हाडांचं प्रात्यक्षिक होतं. ट्रेमध्ये मांडलेले दात. म्हशीच्या दाढेवर चंद्रकोरी असतात, आडव्या-उभ्या. शेजारी पाणघोड्याची दाढ — तीन पाकळ्या. मला पुस्तक उघडावं लागलं नाही. त्या रविवारी सांगू, असं ठरवून घरी गेले. जिजीनं माझ्यासाठी गराडूच्या कंदाचे काप तळले होते, वर जिरावणाचा मसाला. मी खाल्ले आणि परत आले. पुढच्या रविवारीही तेच. सांगायचं तर सरांना दाखवलाच नव्हता, हेही सांगावं लागलं असतं ना?

मग ती निवृत्त झाली. म्हणाली, नेमावरला जाऊन येऊ, दोघीच. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं मला पेरू कापून दिले. लहानपणीसारखं वाटत होतं. घाटावर तिनं नाव ठरवली, "भिया, जरा बीच में ले चलो," आणि पिशवीतून तो दात काढला.

"म्हशीचा का असेना, इथलाच आहे. देऊन टाकते परत." मग माझ्याकडे वळली. "तू एकदा बघ गं. आता तू पुष्कळ शिकलीस. त्या सरांची काही चूक तर नसेल झाली?"

तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. थंड होता. मी अंगठा फिरवला — तिन्ही पाकळ्या लागल्या. नाववाला वल्ही थांबवून बघत होता. जिजी माझ्या तोंडाकडे बघत होती, आशेनं. हो, आशेनंच; मी दुसरा शब्द शोधून पाहिलाय.

"म्हशीचाच आहे, जिजी," मी म्हणाले.

पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं. या वेळी ठाऊक होतं.

तिनं मान हलवली, दात घेतला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. परतताना ती माझ्या लग्नाबद्दल बोलत होती.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत आम्ही किती वेळा समोरासमोर बसलो! मी प्राध्यापिका झाले. वर्गात सांगत आले की आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात एकेकाळी पाणघोडे होते. कुणी हसलं नाही. माझ्या नावापुढं डॉक्टर होतं. जिजीचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

मागच्या हिवाळ्यात धारला एका लग्नाला गेले होते. एक बाई येऊन भेटल्या, माझ्याच वयाच्या, जिजीच्या विद्यार्थिनी. धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगून झालं, मग हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय शिकवायच्या हो तुमच्या आत्या! आणि ते नर्मदेतले दरियाई घोडे आठवतात का तुम्हाला? नंतर बिचाऱ्या स्वतःच बोलल्या, गलत बताया था." आणि हसल्या — प्रेमानंच.

जिजीला जाऊन वर्षं झाली होती. सर केव्हाच गेले. माझं कुणी काही बिघडवू शकलं नसतं.

मी त्यांच्याबरोबर हसले. मग विचारलं, तुमच्या धाकटीचं कुठं ठरलं?